इंग्रजी धावते तिथे मराठी चालते

आज दिवसभर ‘रन’ हे एकच इंग्रजी क्रियापद मनात घोळत राहिले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता आणि त्याचे सुमारे ४३० अर्थ तिथे दिलेले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’वर नऊ महिने काम केले, तेव्हा एकट्या या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. या वाढीत यंत्रांचा वाटा मोठा आहे. आगगाडी, गिरणी, घड्याळ आणि पुढे संगणकाचा प्रोग्राम, अशा प्रत्येक नव्या वस्तूबरोबर हा शब्द एकेक पाऊल पुढे सरकत गेला.

मला मात्र या आकड्यापेक्षा त्यामागचा जुना इतिहास अधिक मोलाचा वाटतो. जुन्या इंग्रजीत एक क्रियापद स्वतः धावण्याचे किंवा वाहण्याचे होते आणि दुसरे धावायला लावण्याचे. काळाच्या ओघात ही दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. म्हणूनच ‘शी रन्स’ म्हणजे ती धावते, आणि पुढे ‘अ शॉप’ जोडले की लगेच ती दुकान चालवते. मराठीने हा भेद एका ‘व’च्या आधारे आजही जपला आहे: चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे.

इंग्रजी जिथे धावते तिथे आपण बहुधा चालतो, हे वहीत उदाहरणे मांडताना मला स्पष्ट दिसले. यंत्र चालते, दुकान चालते, नाटक महिनोन्‌महिने चालते. पण सगळीकडे चालून भागत नाही: नळाचे पाणी वाहते, कपड्याचा रंग जातो, अंगात ताप असतो, अंघोळीचे पाणी काढले जाते आणि साखर संपते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीला ‘रन’ पुरतो, मराठी मात्र प्रत्येक क्रियेचे स्वरूप पाहून वेगळे क्रियापद निवडते, आणि मला ही निवड फार लोभस वाटते. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार धावतो, तर ब्रिटनमधला आपल्या उमेदवारासारखा उभा राहतो. म्हणजे खुद्द इंग्रजीतही या शब्दाची सत्ता सर्वत्र सारखी नाही. क्रिकेटमध्ये मात्र आपण ‘रन’चा मूळ अर्थच उचलला, धावा काढल्या आणि फलंदाजाला धावबादही केले.

उलट दिशेने पाहिले तर ‘चहा चालेल का?’ या प्रश्नातले ‘चालेल’ त्या ६४५ अर्थांपैकी एकातही बसणार नाही. तिथे कोणी चालत नाही आणि कोणी चालवतही नाही. समोरच्याची पसंती आणि सोय एकाच शब्दात विचारली जाते. उद्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात ‘चालणे’ची नोंद सावकाश वाचायची, आणि मग ‘लागणे’कडे वळायचे, असे ठरवले आहे.