आज दिवसभर मिलिसेकंदांचा हिशेब

बडोद्यात आज दिवसभर स्ट्रूप या मानसशास्त्रीय चाचणीची जुळवाजुळव. ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात दाखवायचा, रंगाचं बटण दाबायला किती वेळ लागतो ते मोजायचं. इथल्या मराठी मुलांसाठी शब्द देवनागरीत की गुजरातीत, हेही आधी ठरवावं लागतं. ज्या लिपीत वाचन सरावाचं, त्याच लिपीत गोंधळ जास्त.

पण खरी मेख स्क्रीनमध्ये आहे. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर दर १६.६७ मिलिसेकंदांनीच नवं चित्र दाखवतो. ४० मिलिसेकंद मागितले तर ३३ तरी मिळतात, नाहीतर ५०. म्हणून वेळ फ्रेम (स्क्रीनवरचं एकेक चित्र) मोजूनच द्यावी: ३ फ्रेम म्हणजे ५०. सायकोपाय या प्रयोग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ऐनवेळी बदलला की एखादी फ्रेम गळू शकते. सगळे शब्द आधीच तयार ठेवावेत, दुसरा मॉनिटर काढावा, लॅपटॉप चार्जरवरच चालवावा. बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो.

कीबोर्डचं दुखणं वेगळं. साधा यूएसबी कीबोर्ड बहुधा दर ८ मिलिसेकंदांनी तपासला जातो, शिवाय त्याचा स्वतःचा उशीर असतोच. हा उशीर कायम सारखा असेल तर दोन सरासरींच्या (शब्द आणि रंग जुळतात तेव्हाची, जुळत नाहीत तेव्हाची) वजाबाकीत निघून जातो. कमीजास्त होणारा मात्र आकड्यांत पसारा वाढवतो, मग प्रत्येकाला दाखवायच्या शब्दांच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. ब्लूटूथ कीबोर्ड तर नकोच.

आणि सॉफ्टवेअरच्या लॉगवर, म्हणजे त्यानं नोंदवलेल्या वेळांवर, विसंबू नये, ही कळकळीची विनंती! स्क्रीनच्या कोपऱ्यात, शब्द येतो त्याच फ्रेमला, पांढरा चौकोन दाखवा, त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) चिकटवा, त्याचा संकेत ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, बघा. भौतिकशास्त्र विभागात ऑसिलोस्कोप मागितला तर मिळतो.