आमच्याकडे अजून 2016 च आहे

पुण्यात गुरुवारी काय काय बंद असतं याची यादी करायला बसलं, तर तो गुरुवार पुरणार नाही. विजेच्या दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात, जलकेंद्रातली कामंही गुरुवारीच. त्या पाण्याच्या बातमीचं शेवटचं वाक्य कुठल्याही पुणेकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे. उशिरा आणि कमी दाबाने! आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी अशाच चालतात, पण त्याची बातमी कोणी देत नाही.

हल्ली या यादीत आमच्या संगणकाची भर पडली आहे. वीज जाऊन आली की तो 1 जानेवारी 2016 या दिवशी जागा होतो. दर वेळी तोच दिवस, रात्रीचे बारा. मग कुठलीही साइट उघडायला जा, तुमचं घड्याळ मागे आहे म्हणून नकार. बँक नको म्हणते, वीजबिल नको म्हणतं, ई-पेपरसुद्धा नको म्हणतो. पाणी कधी येणार हे बघायला बसावं, तर आधी आपणच आजच्या तारखेचे आहोत हे सिद्ध करायचं.

मुलगा बंगळुरूला असतो. त्याने फोनवर अर्ध्या मिनिटात निदान केलं. "आई, बोर्डवरचा सेल गेलाय." संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा कमी-जास्त असा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. भिंतीतून वीज येत असते तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं. ती गेली की या सेलवर. सेलच संपलेला असेल तर यंत्राला कारखान्यात शिकवलेली पहिली तारीख तेवढी आठवते. आणि फरक पंधरा तासांहून जास्त असला, तर आमचं यंत्र इंटरनेटवरून वेळ आपणहून दुरुस्त करून घेत नाही. इतका मोठा फरक म्हणजे समोरचाच खोटं बोलत असणार, असं त्याला वाटत असावं. आमचं अंतर तर वर्षांचं.

"मग यूपीएस चालू ठेव, वीज जाणारच नाही," असंही मुलगा म्हणाला. तो घर सोडून बरीच वर्षं झाली, त्यामुळे विसरला असेल. आमच्या घरात वीज रोज रात्री साडेदहाला जाते, कारण सासूबाईंची गस्त असते. गॅसची नॉब, दाराची कडी, गॅलरीतला नळ, आणि मग घरातलं प्रत्येक बटण. "अगं, तो लाल दिवा रात्रभर जळत असतो. त्याचं बिल कोण भरणार?" मी एकदा वाद घालून पाहिला. पंचाईत अशी की त्यांचं म्हणणं खरं आहे. बंद दिसणारी यंत्रंही थोडी थोडी वीज खातच असतात. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडण फार वेळ चालत नाही.

तर रोज सकाळी चहाबरोबर मी 2016 मध्ये.

साइट्स एवढ्या का रुसतात, हे मात्र मी विचारून घेतलं. प्रत्येक साइटकडे ओळखीचं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. आमच्या यंत्राच्या हिशेबाने ती सगळी प्रमाणपत्रं भविष्यकाळातली. आमच्या सोसायटीचा वॉचमन वहीत नाव नसलं की सख्ख्या भावालाही गेटवर उभा करतो, त्यातलाच प्रकार. आणि ही मुदत आणखी आखूड होत चालली आहे. वर्षभराच्या थोडी पुढे असायची, 398 दिवस. 2029 पर्यंत ती 47 दिवसांवर आणायचं ठरलंय. म्हणजे महिना-दीड महिन्याने प्रत्येक साइटने आपली ओळख नव्याने पटवायची. आमच्याकडे दूधवाला तीस वर्षं तोच आहे, त्याला कोणी काही विचारलेलं नाही.

पण तारीख हाताने बदलण्याआधी मी हल्ली थोडा वेळ तशीच बसते. 1 जानेवारी 2016 ला पुण्यात काय होतं? विद्यापीठ चौकातला जुना पूल होता. तो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. चांदणी चौकातलाही होता. तो 2022 च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोट करून उडवायला गेले, सगळं गाव टीव्हीसमोर जागं, आणि पूल पूर्ण पडलाच नाही. उरलेला यंत्रं लावून ओढावा लागला. (पुण्यातला पूल. सांगितलं आणि पडला, असं कसं होईल?) मेट्रोचं भूमिपूजनही अजून व्हायचं होतं, ते डिसेंबर 2016 चं. यूपीआय नव्हतं. आणि दोन हजारांची नोट! ती नोव्हेंबर 2016 मध्ये आली, मे 2023 मध्ये परत घ्यायचं जाहीर झालं. आमच्या संगणकाच्या लेखी ती आलीही नाही आणि गेलीही नाही. रांगेत उभं राहिल्याचा त्रास त्याला नाही, हे एक बरं.

मग दारातला कागदी पेपर उचलते. धरणसाठा किती, खड्डे किती, विद्यापीठ चौकात कोंडी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार नावं आणि टीएमसीचे आकडे. पुण्यातल्या शाळकरी पोरालाही टीएमसी म्हणजे काय ते कळतं, आणि चारही धरणं भरली तर साधारण 29 होतात हेही. तारखेची पट्टी अंगठ्याखाली झाकली तर पेपर कुठल्या वर्षाचा, हे मी सांगू शकणार नाही. 2016 उजाडलं तेव्हा तर पुण्यात दिवसाआड पाणी होतं. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. म्हणजे संगणक म्हणतो ते वर्ष आणि गुरुवारचे भरलेले पिंप यांचा तसा मेळ बसतो.

सासूबाईंना हे सगळं किरकोळ वाटतं. त्यांचं मोजमाप 12 जुलै 1961 पासून सुरू होतं. पानशेत फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं, तेव्हा नळाला पाणी येणार कुठून? त्या तेव्हा नारायण पेठेत, परकर-पोलक्यात. एक दिवस पाणी नाही म्हणून कोणी कुरकुर केली की त्या फक्त "एकसष्ट साली..." एवढंच म्हणतात आणि समोरचा बादली घेऊन निमूट उठतो.

शेवटी सेल आणायला निघाले, तेही सोसायटीमुळे. टँकरचा हिशेब मी एका सकाळी तारीख न बदलता लिहून ठेवला होता. तो यादीत सगळ्यात खाली, 2016 च्या थरात जाऊन बसला आणि अध्यक्षांना वाटलं, हिशेब झालेलाच नाही. सोसायटीत टँकरच्या हिशेबावरून संशय येणं परवडत नाही.

तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराला म्हटलं, "सीआर 2032 द्या."

"किती?"

"एक."

"एक?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू एक शेंगदाणा मागितला. मग पाचांच्या पट्टीतला एक कापून दिला. 2032 म्हणजे काय, ते त्यानेच न विचारता सांगितलं: वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड. पैसे मोबाइलवरून दिले. संगणकाला विचारलं असतं तर म्हणाला असता, असं काही अस्तित्वात नाही.

मुलाला व्हिडिओ कॉल लावून खोकं उघडलं. आतली धूळ मात्र 2016 ची नक्की असावी. खटका दाबला, जुना सेल उडून टेबलाखाली गेला, नवा अक्षरं वर ठेवून बसवला. तारीख घातली. बटण बंद केलं, पुन्हा लावलं. आजची तारीख, आजची वेळ. ई-पेपर उघडला, बँक उघडली. सासूबाईसुद्धा चष्मा लावून बघायला आल्या.

तेवढ्यात पडदाभर सूचना आली. विंडोज 10 ची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेली आहे, नवा संगणक घेण्याचा विचार करावा. नवी आवृत्ती या यंत्रावर चढत नाही. तेवढं ते नवं नाही. 2016 मध्ये होता तेव्हा त्याच्या हिशेबाने पावणेदहा वर्षं हातात होती.

सासूबाईंनी सेलचं रिकामं पाकीट उचललं, लांब धरून वाचलं. "सेल 2032 पर्यंतचा, आणि मशीन पंचवीसलाच संपलं होतं?"

"आई, ती मुदत नाही, तो आकार आहे," मी म्हटलं.

"असेल. पण उद्या जाऊन परत दे तो. पाकीट मी नीट उघडलंय."