‘जरा उडवा की!’

भिगवणला फेब्रुवारीत जा, असं मी गेली आठ-नऊ वर्षं भेटेल त्याला सांगत आले आहे. कारणही न विचारता ऐकवते. पाऊस चांगला झाला की उजनी काठोकाठ भरते, आणि भरल्या धरणात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरत नाहीत. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. शेतीला पाणी सोडून सोडून पातळी खाली गेली, काठ उघडे पडले, की मग मंडळी येतात. तरी लोक नाताळच्या सुट्टीत पोरंबाळं घेऊन जातात, हात हलवत परत येतात आणि शिव्या मला घालतात.

यंदा माझा सल्ला पहिल्यांदाच घरातल्या कोणी ऐकला. आईनं.

आई एकाहत्तर वर्षांची. माहेर पंढरपूरचं, गळ्यात तुळशीची माळ. “काकड्याला उठवत नाही तुला, पण बगळे बघायला बरी चारला उठतेस” हे मी कॉलेजपासून ऐकते आहे. ती यायला तयार का झाली ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक सोलापूरला मावशीकडे जायचं होतं आणि वाटेत भिगवण पडतं, एवढंच.

मुक्काम कुंभारगावात, एका मच्छीमाराच्या घरी. रिसॉर्टचं मला वावडं आहे, पण खरं सांगते, आईला घेऊन गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात रिसॉर्टची आठवण आलीच. गीझर नाही, बाथरूम अंगणाच्या पलीकडे, आणि रात्रभर कुत्र्यांची सभा. त्यात घरभर मासळीचा वास. माळकरी बाईला आपण कुठे आणून टाकलं, असं मला झालं. तेवढ्यात वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तुमच्यासाठी तवा-पातेलं येगळं काढलंय. आमच्या सासूबाई बी माळकरी हुत्या.” पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. मी शेजारी बसून तळलेली चिलापी खाल्ली, आणि आई माझ्या ताटाकडे न बघण्याचा प्रयत्न करत जेवली.

सकाळी साडेसहाला होडीत बसलो. होडी चालवायला घरातलेच दादा. आईला लाइफ जॅकेट घातल्यावर ती “मला नव्हे, सामानाला बांधल्यासारखं वाटतंय” म्हणाली. पाण्यावर धुकं होतं. थोडं आत गेल्यावर दादांनी इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटायला सुरुवात केली. शेकाटे, चमचे, चित्रबलाक दिसले. पलीकडच्या काठाला पट्टकादंबांचा थवा बसला होता. हे हंस हिमालय ओलांडून येतात, हे मी आईला सांगितलं. “हो का,” ती म्हणाली. तिची नजर दुसरीकडेच होती.

“ते काळे काय गं? एवढे?”

“वारकरी.”

ती गर्रकन वळली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. पण दादांनीही मान डोलावली. अंगानं काळाकुट्ट, आणि चोचीपासून कपाळापर्यंत पांढरा शुभ्र पट्टा. आईनं माझ्या गळ्यातून दुर्बीण जवळजवळ ओढूनच घेतली. “अगं, गोपीचंदन लावलंय की!” त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही फक्त वारकरी बघितले. मी एरवी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, यादीत आकडा टाकते आणि पुढे जाते. एक डुबकी मारी, एक दुसऱ्याच्या तोंडचं शेवाळ पळवी, मग दोघं पाण्यावर धावाधाव करून भांडत. “दिंडीत पण असंच चालतं,” आई म्हणाली. थापट्या, शेकाट्या, वारकरी: अशी नावं पाण्यावर आणि रानात राबणाऱ्या माणसांच्या तोंडची वाटतात. सोलापूरचे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर अशीच नावं वेचली. मला ती पाठ होती. त्यातल्या एखाद्या नावाकडे आईसारखं बघितलं मात्र कधी नव्हतं.

आणि हे पाणी भीमेचं. इथून सुटतं ते खाली पंढरपूरला जातं. हे मी सांगायच्या आधी आईनंच दादांना सांगितलं. दादा म्हणाले, “व्हय मावशी. आमच्या आज्याचं रान बी ह्याच पाण्याखाली हाय. आता आपण त्याच्यावरनंच चाललोय.” उजनी १९८० साली पुरी झाली. दादा त्यानंतर जन्मलेले, त्यांनी ते रान पाहिलेलंच नाही. तरी बांबूनं पाण्यात बोट दाखवावं तसं त्यांनी दाखवलं.

रोहित पुढच्या वळणावर होते. तीनेकशे असावेत. सगळ्यांच्या माना खाली, चोची उलट्या करून चिखलातलं पाणी गाळत चाललेले. मधे चारदोन मातकट रंगाची पिल्लं, अजून गुलाबी न झालेली. तो रंग खाण्यातून चढतो, त्याला वेळ लागतो. दादांनी बरंच अंतर राखून बांबू रोवला आणि होडी थांबवली. एवढ्या थव्याची मिळून एक बारीक कुजबुज ऐकू येत होती. आई गप्प होती, आणि आई गप्प बसणं ही आमच्या घरात नोंद करून ठेवायची गोष्ट आहे.

मग मागून इंजिन आलं.

होडीत चौघं, तोफेएवढ्या लेन्सा, अंगावर पानाफांद्यांच्या नक्षीचे कपडे. उघड्या पाण्यात ही नक्षी घालून हे लोक कोणापासून लपतात, हा माझा जुना प्रश्न आहे. त्यांची होडी आमच्या पुढे गेली, आणखी पुढे गेली. थव्यातल्या कडेच्या माना वर आल्या. आणि मग ते वाक्य, पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं: “जरा उडवा की! पाचशे जास्त घ्या.”

त्यांच्या नावाड्यानं इंजिन चढवलं.

एवढा मोठा पक्षी जागच्या जागी उडत नाही. आधी पाण्यावर पळावं लागतं, पंख मारत, मान ताणून. तीनशे पक्षी एकदम पळाले. पंख उघडले तेव्हा आत ती लाल आणि काळी झळाळी, आणि हंसांसारखा कर्कश कलकलाट. दिसायला अप्रतिम, हे कबूल करायला हवं. त्या चौघांचे कॅमेरे शिवणयंत्रासारखे चालले होते. दोन मिनिटांत सगळं पाणी रिकामं.

मी उभी राहून ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. होडी हलली आणि आईनं माझा दुपट्टा धरून मला खाली बसवलं.

“आता ही जात्यात पल्याड, करमाळ्याच्या अंगाला,” दादा म्हणाले. त्यांना राग वेगळाच होता. “सकाळपासनं चार गिऱ्हाइकं थांबल्यात घरी. त्यास्नी आता काय दावू?”

तेव्हा आई म्हणाली, “आपल्या हॉलमधला तुझा फोटो असाच काढलास का गं?”

हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, तीन फूट रुंद फ्रेममध्ये माझा फोटो आहे. उडणारे रोहित, लाल पंख, खाली पाण्यात पावलांच्या रेघा. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, कसा मिळाला? “नशीब लागतं,” असं मी सांगत आले आहे. मार्च २०१७, हेच पाणी. पाचशे नव्हते दिले. नुसतंच “दादा, जरा पुढे घ्या ना, अजून थोडं” असं चार वेळा म्हटलं होतं, गोड आवाजात.

“हो,” मी म्हटलं.

दादांनी विचारलं, “कवा आलता?” मी साल सांगितलं. ते हसले. “मंग मीच आसंन. तवा सगळेच उडवायचो की. गिऱ्हाईक खूश व्हायचं.” आणि बांबू उपसून त्यांनी होडी वारकऱ्यांकडे वळवली, न विचारता.

त्यानंतर सोलापूर. मावशी, शेंगाची चटणी, एक सकाळ नान्नजच्या माळावर. माळढोक दिसला नाही, काळविटं दिसली, ऊन फार होतं.

फोटो अजून हॉलमध्येच आहे. एकदा उतरवला होता, पण मागे भिंतीचा रंग चौकोनी वेगळा दिसायला लागला. दिवाळीत रंग काढणार आहोत, तेव्हा बघू. परवा कोणीतरी पाहुणे आले, त्यांनीही विचारलं, कसा मिळाला. मी तोंड उघडायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “उडवून.”