आमची वाटचाल : तंगुसाच्या गुंडीपासून पुढे

अलिबागजवळच्या पोयनाडच्या बाजारात आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान १९८४ पासून आहे. बाबांनी सुरू केलं तेव्हा पाटी नव्हती, लोक 'दोरवाल्याकडे' म्हणून यायचे. नायलॉनचे दोर, जाळ्याचा धागा, शिसं, बोये, कंदिलाच्या काचा, आणि गल्ल्यामागच्या फळीवर तंगुसाच्या, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या, गुंड्या. गऱ्या, म्हणजे मासे धरायचे गळ, नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीच्या, नंबरवार डब्यांत. त्या नंबरांनी मला शाळेत असताना फार छळलं. ८ नंबरची गरी बारीक, २ नंबरची मोठी, १ त्याहून मोठी, आणि पुढे १/०, २/०, ५/० अशी चढती भाजणी. बाबांचा खुलासा एका ओळीचा होता, "शून्य लागलं की सरळ मोजायचं, नसलं की उलटं." नव्या गिऱ्हाइकाला मी आजही हेच सांगतो. याहून सोपं मला सुचलेलं नाही.

तेव्हा आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, गरवायचा रॉड कुणाकडे नव्हता. गरवायला जाणारा माणूस तंगूस हातानेच फेकायचा, दुसरं टोक पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेलं. जागा ठरलेली, उघाडीचं तोंड. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो, त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. ओहोटी लागली की दार उघडतं, आतलं पाणी खाडीत पडतं, त्याबरोबर कोलंबी आणि बारकी बोईटं वाहत येतात, आणि जिताडा मासा तिथेच तोंड वासून उभा असतो. जिताड्याचं कौतुक रायगडात नव्याने सांगायला नको. शहापूर-धेरंडच्या बाजूला लोक तळ्यात जिताडे पाळतात, आणि अडलेली फाइल जिताडा पोचवला की हलते हा विनोद आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ. विनोदच तो, कुणी मनावर घेऊ नये.

२०११ च्या मे महिन्यात टेक्सासला असणारा माझा मामेभाऊ सुट्टीला आला तो एक रॉड घेऊनच. साडेसहा फुटी, काळा, बांबूच्या शिपटीसारखा हलका, आणि वर बसवलेलं तंगूस गुंडाळायचं बुटकं रील, ज्याला बेटकास्टर म्हणतात. "बास रॉड आहे," दादा म्हणाला. त्याच्याकडे बास म्हणजे लार्जमाउथ बास, तळ्यात आणि धरणात राहणारा गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या विक्रमाची गोष्ट दादाने आम्हाला दोनदा ऐकवली. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा बास काढला, आणि थेट २००९ पर्यंत त्या आकड्याला कुणी हात लावू शकलं नाही. मग जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी बरोबरी केली. २२ पौंड म्हणजे साधारण दहा किलो. बाबा ऐकत होते. "दहा किलोचा जिताडा मी हातातल्या तंगुसावर काढलाय," एवढंच बोलून ते आत गेले.

जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात, म्हणून दादाला वाटलं, बासचा रॉड सीबासला चालेल. पण ते नातं नावापुरतंच. लार्जमाउथ सनफिशच्या कुळातला, जिताड्याचं घराणं वेगळं. संध्याकाळच्या ओहोटीला आम्ही उघाडीवर गेलो. पहिल्या तीन फेकींत रीलवर सुगरणीचा खोपा तयार झाला. समोरून वारा आला की आमिष हवेत अडखळतं, स्पूल, म्हणजे रीलमधली तंगूस गुंडाळलेली चकरी, मात्र फिरतच राहतो, आणि तंगुसाचा गुंता होतो. चौथी फेक नीट पडली. मासा लागला, अख्खा पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं आणि तंगूस सैल. ओढून पाहिलं तर टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ. जिताड्याला सुळे नसतात, पण तोंडाचा आतला भाग कानशीसारखा खरखरीत असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी. आम्ही १२ पौंडी, म्हणजे बारा पौंडांची ओढ सोसणारा, तंगूस थेट गरीला बांधला होता.

दादा गेला, रॉड इथेच राहिला. त्या पावसाळ्याआधी चार जणांनी मला बाजारात थांबवून विचारलं, असा कुठे मिळेल? धंद्याला नवी फांदी फुटली ती अशी.

फुटली ती वाकडी, तेही सांगून टाकतो. २०१२ च्या दिवाळीनंतर मुंबईतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी ८५ हजारांचा माल उचलला. त्यात चाळीस 'कॉम्बो' होते. दुर्बिणीसारखा आत सरकणारा रॉड, रील, त्यावर आधीच भरलेला तंगूस आणि पाच प्लास्टिकचे मासे, सगळं एका पिशवीत. दीड महिन्यात अठ्ठावीस गेले. फेब्रुवारीपासून एकेक परत यायला लागला. रीलवर तंगूस घेणारी तारेची कमान गंजून अडकलेली, हँडल फिरवलं की आत वाळू दळल्याचा आवाज, रॉडचे जोड मिठाने धरून बसलेले. एका काकांनी तर पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. बाबा म्हणाले, "पैसे परत दे. तो मुंबईत बसलाय, आपल्याला इथे बसायचंय." एकोणीस जणांचे पैसे परत केले. ते वर्ष दोरांनी तारलं.

तेव्हापासून नवा माल दोनच नग आणायचा, त्यातला एक फोडून स्वतः वापरायचा, मग पुढची मागणी द्यायची. गिऱ्हाइकाशी बोलायची रीतही उलटी केली. लोक दुकानात शिरतात ते रीलकडे बघत, कारण रील चमकतं. मी आधी विचारतो, जाणार कुठे? उघाडीवर, धरमतरच्या खाडीत, की रेवदंड्याच्या खडकांवर? त्यावर तंगूस ठरतो, तंगुसावरून रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी.

तंगुसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच फसतात. साधा तंगूस नायलॉनचा, एकपदरी. ताणला जातो, पाणी पितो, उन्हात राहिला की हळूहळू कमजोर होतो, पण स्वस्त असतो आणि गाठ चांगली धरतो. ब्रेड म्हणजे पॉलिइथिलीनच्या तंतूंचा विणलेला. (बाबा त्याला पाव म्हणतात. "तीस पौंडी पाव संपला, मागव.") तेवढ्याच ताकदीचा ब्रेड नायलॉनपेक्षा पुष्कळ बारीक येतो, आणि ताण जवळजवळ नसल्यामुळे लांबवर माशाने नुसतं चाखून पाहिलं तरी बोटाला कळतं. पण खडकावर किंवा कालवांवर घासला की गेलाच. म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन हात लांबीचा जाड तंगूस, म्हणजे लीडर, बांधायचा, फ्लोरोकार्बनचा नाहीतर नायलॉनचा. जिताड्यासाठी आम्ही २० ते ३० पौंडी ब्रेड आणि किमान ४० पौंडी लीडर देतो. कल्ल्याची सुरी आधी लीडरला भेटते.

ब्रेड भरायचं काम आम्ही दुकानातच करून देतो. तो गुळगुळीत असतो, थेट स्पूलवर भरला तर सगळा गठ्ठाच आतल्या आत फिरतो. मासा ओढतोय आणि आपण नुसतं हँडल फिरवतोय. म्हणून आधी आठ-दहा वेढे साध्या तंगुसाचे. मग गुंडी पेन्सिलीत अडकवून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची, ब्रेड ओल्या फडक्याच्या चिमटीतून दाबून घ्यायचा आणि रील सावकाश फिरवायचं. सैल भरला तर मोठ्या माशाच्या ओढीत वरचा पदर खालच्यात रुततो. काठापासून दोनेक मिलिमीटर रिकामे ठेवायचे, नाहीतर फेकीबरोबर वेटोळीच्या वेटोळी सुटतात. याचे आम्ही पैसे घेत नाही. वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात माणूस पेन्सिल धरून उभा असताना भिंतीवरचे रॉड न्याहाळतो. धंदा आहे शेवटी.

शटरच्या कडीला एक स्प्रिंगकाटा टांगलेला दिसेल. तो ड्रॅगसाठी. मासा जोरात ओढू लागला की तंगूस तुटण्याआधी रीलमधून सुटायला हवा, त्यासाठी जी चकत्यांची पकड असते ती ड्रॅग. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ती सुटली पाहिजे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, म्हणजे काटा साडेतीन ते साडेचार किलोच्या मध्ये असताना रील कुरकुरायला हवं. नवी मंडळी ती पूर्ण आवळून ठेवतात. "मासा पळेल ना!" पळू द्यायचाच असतो. याच काट्यावर २०१६ मध्ये एका पुरवठादाराचा ४० पौंडी लिहिलेला ब्रेड आठ किलोला, म्हणजे जेमतेम १८ पौंडांना तुटला. सगळा माल परत गेला. आता प्रत्येक नव्या खेपेतली एक गुंडी काट्याला नैवेद्य.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं, वाचत कुणी नाही. किती पौंडांचा तंगूस आणि किती ग्रॅमचं आमिष झेपेल ते तिथेच लिहिलेलं असतं. आमच्या खाडीला सात ते आठ फुटी, मीडियम हेवी (म्हणजे मध्यमाहून जरा कडक), १५ ते ३० पौंडांचा आणि ४० ग्रॅमपर्यंत फेकणारा रॉड पुरतो. कार्बनचा हलका, पण ठोकर लागली की आतून तडकतो आणि ऐन माशाला मोडतो. काचतंतूंचा जड, पण पोराटोरांच्या हातातही टिकतो. मोटारीच्या दारात रॉडचं टोक चिरडणारे मला दर महिन्याला भेटतात, त्यांना वॉरंटी नाही. रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवून पाहायचा. तंतू अडकले तर कडं तडकलंय, ते ब्रेड कापणार. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावतो. कार्बनमधून वीज वाहते. खारेपाटात तारा खाली लोंबतात, पहिल्या पावसात कडकडाट असतो. अशा वेळी रॉड उभा धरू नका, सरळ घरी या.

रीलचं फार कौतुक नको. ४००० आकाराचं, साधं स्पिनिंग (तारेची कमान असलेलं), ब्रेड दोनशे मीटर बसला की झालं. खोक्यावर बारा बेअरिंग लिहिलेली पाहून भुलू नका. खाऱ्या पाण्यात बारा बेअरिंग म्हणजे गंजायच्या बारा जागा. घरी आलात की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, पुसा, सुकवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. बादलीत बुडवू नका.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा गऱ्या आणि रॉड करयादीच्या कुठल्या प्रकरणात येतात ते शोधताना कळलं की ९५ व्या, खेळण्यांच्या शेजारी. बाबांना हे फार लागलं. तेहतीस वर्षं गरी विकणाऱ्या माणसाला सांगायचं, तुम्ही खेळणी विकता.

मग २०२०. मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, मुंबईचं गिऱ्हाईक गाडीसकट येणार म्हणून मी माल भरला आणि आठवड्याच्या आत सगळं बंद. ३ जूनला, बुधवारी, निसर्ग वादळ आलं. दुकानाचे मागचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. रॉड पुठ्ठ्याच्या नळ्यांत होते, नळ्या लगदा झाल्या, रॉड वाचले. रीलच्या खोक्यांत मात्र पाणी शिरलं. मी, बायको आणि धाकटा भाऊ, तिघांनी ओसरीवर चादर अंथरून एकसष्ट रीलं उघडली, रॉकेलने धुतली आणि ग्रीस भरून परत जुळवली. ती आम्ही 'वादळातली' असं सांगून निम्म्या किमतीत विकली. बंगल्यांवर अडकून पडलेली मुंबईची मंडळी तोवर कंटाळली होती. ऑगस्टपर्यंत एकही उरलं नाही, आणि त्यातली काही अजून दुरुस्तीला येतात. रील आतून कसं असतं ते आम्ही त्या ओसरीवर शिकलो. आज आमची निम्मी कमाई दुरुस्तीची आहे.

आता लोक मोबाईलवर मोठमोठ्या जिताड्यांचे फोटो आणून दाखवतात. जिताडा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणून फार मोठा, म्हणजे अंडी घालणारी मादी, लागला तर फोटो काढून सोडा, असं मी सुचवतो. खारेपाटात हे बोललं की लोक कपाळाला हात लावून बघतात. दोन-तीन मुंबईकर सोडतात. बाबांना हे अजून पटलेलं नाही.

दादाच्या त्या रॉडच्या आठवणीने २०१९ मध्ये मी हौसेने तीन बेटकास्टर आणले होते. एक गेला. उरलेले दोन काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, दर शनिवारी तेल लावतो. वाऱ्यात खोपे सोडवत बसायची ज्यांची तयारी असेल त्यांनी या, भाव खाली करू.