काचांना काळा रंग

मुंबईहून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये, तिथल्या एका बारच्या छपराच्या काचा. दारूचं काही नाही, बंटीने भरलेल्या बिलाचं तर नाहीच, आकडा बघितला आणि गप्प बसले. काचांना काळा रंग का लावला असेल, एवढंच.

अमळनेरात बाई आणि बार हे दोन शब्द एका वाक्यात घेतले तरी काय होतं ते माहितीये सगळ्यांना, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

बंटी म्हणाला मावशी, तुला एक जागा दाखवतो, बोर्ड नाही, पाटी नाही, ज्याला माहीत त्यालाच सापडते. लोअर परळला जुन्या मिलचं आवार, एका बोळाच्या टोकाला मिलच्या टाइम ऑफिससारखी खोली, भिंतीवर हजेरीचं मशीन, त्यात कार्ड घातलं की शेजारचं कपाट सरकतं आणि आत बार. त्याने सांगितलं की अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा असे चोरून चालणारे बार निघाले आणि आता त्याचीच फॅशन आलीये. आपल्याकडे तर १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, कागदोपत्री प्यायला परमिट लागतं, आणि पेपरात बाटली गुंडाळून मागच्या दाराने येणारी माणसं लहानपणापासून बघितलीत. पण ती लाजेने लपायची. इथे लपायचे पैसे मोजायचे.

आत गेल्यावर मी आधी बाहेर पडायचं दार शोधलं, खरंच. २०१७च्या डिसेंबरात त्याच भागात कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण गेले होते, ते विसरता येत नाही. मग मान वर केली आणि ओळखलंच. करवतीच्या दातांसारखं छप्पर, एक बाजू उतरती, एक उभी, आणि उभ्या बाजूला काचाच काचा. आमच्या अमळनेरच्या मिलचं तसंच, घरचे आप्पा तिथेच कामाला होते. त्या काचा मुद्दाम उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ऊन थेट आत येत नाही पण दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. आप्पा सांगायचे, ऊन नको, उजेड जोयजे, धागा तुटना ते दिखाले जोयजे. म्हणजे ते अख्खं छप्पर साचेवाल्याच्या, माग चालवणाऱ्याच्या, डोळ्यांसाठी बांधलेलं. आणि इथे सगळ्या काचा काळ्या, खाली मिणमिणते दिवे, मेन्यू वाचायला बंटीने मोबाईलचा टॉर्च लावला.

ग्लासातून धूर निघत होता. आप्पांच्या खात्यात सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडायचे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते लागायचेच. आणि आवाज इतका की लोक एकमेकांच्या कानाला लागून बोलत होते. मला गरज पडली नाही. साच्यांच्या आवाजात आप्पांचे कान गेले तेव्हापासून आमच्या घरात सगळेच ओठ वाचतात, पलीकडच्या टेबलावरच्या दोघांचं भांडणसुद्धा मला अख्खं कळलं. बंटीला याचं फार कौतुक वाटलं आणि मला एकदम रडू यायला लागलं. का ते त्याला सांगता आलं नाही. आपल्या माणसाचे कान गेले, मिल गेली, पैशांचं जे झालं ते झालं, आणि तशाच एका खात्यात मी छान साडी नेसून बसलेय आणि मला वर आकाश दिसत नाहीये. परतीच्या गाडीत नंदुरबार येईपर्यंत हेच, काचा, काचा.

जागा वाईट होती का? नाही. सुंदर होती. बिडाचे खांब तसेच ठेवलेत, विटांना गिलावा केलेला नाही. पाडून टॉवर उभा केला असता तर छप्पर बघायलाही मिळालं नसतं, हे मलाही कळतं.

शेवटी आप्पांना सांगितलं. सगळं, बार हा शब्दसुद्धा. मला वाटलं दुखावतील, निदान उठून ओट्यावर जाऊन बसतील. ते म्हणाले १९७१च्या लढाईत आम्हीच लावला होता की काळा कागद काचांना, ब्लॅकआउट होता, आणि पाळी चालूच. मग थोडा विचार करून म्हणाले, रंग मझार लायेल शे का बाहेर?

मी म्हटलं त्याने काय फरक पडतो. तर बाहेरून असेल तर पावसाने पोपडे धरेल आणि आपोआप सुटेल, आतून असेल तर पत्तीने खरवडावा लागेल, पण हात हलका ठेवला तर काचेला ओरखडाही येत नाही, आणि कोपऱ्यात पुट्टी असते तिथे जपायचं, ती निघाली की काच हलते. हे सगळं हातांनी करून दाखवत होते, मला, मग दूधवाल्याला, मग परत मला. इतकं सलग बोलताना मी त्यांना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मला काचांचं वाईट वाटत होतं आणि हे त्या पुसायला निघाले होते.

बंटीला मेसेज टाकला. तो म्हणतो मावशी, मी कधी वर बघितलंच नाही. शनिवारी मित्रांबरोबर जाणार आहे तेव्हा बघून सांगतो म्हणाला. आप्पा सकाळपासून विचारतायत, शनिवार कधी शे.