सर आणि बिडाचं वजन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला. गॅदरिंग, सहली, मधल्या सुट्टीतला वडापाव यावर बाकीचे लिहितीलच, मला लिहायचंय ते फक्त सरांबद्दल. नाव सांगायची गरज नाही, आपल्याकडे फिजिक्सची लॅब म्हटलं की एकच सर.

नववीच्या घनतेच्या प्रॅक्टिकलला सर सांगायचे, घरून जे सापडेल ते घेऊन या. मग कोणी येऊरचा काळा दगड आणायचा, कोणी मेणबत्तीचा तुकडा, कोणी खडीसाखर, आणि ज्यांचे वडील वागळे इस्टेटच्या कारखान्यांत लेथवर होते ते पितळेचे, ॲल्युमिनियमचे तुकडे. खडीसाखर पाण्यात विरघळते म्हणून ती रॉकेलमध्ये बुडवायची, मेण तरंगतं म्हणून त्याला लोखंडी नट बांधायचा आणि नटाचं आकारमान नंतर वजा करायचं, हे सगळं सरांनी आमच्याकडूनच काढून घेतलं. ॲल्युमिनियमची घनता 2.7 (म्हणजे एका घन सेंटीमीटरला तेवढे ग्रॅम) आणि आपला काळा दगड 2.9 च्या आसपास, म्हणजे दगड धातूपेक्षा भारी, हे बघून वर्गात केवढा गोंधळ झाला होता!

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते जांभळी नाक्यावरच्या मित्राने दुकानातून आणलेलं 200 ग्रॅमचं वजन. तोटीचं भांडं काठोकाठ भरलं, वजन दोऱ्याने हळूच सोडलं आणि बाहेर पडलेलं पाणी मोजपात्रात घेतलं तर 28 मिली. म्हणजे 200 भागिले 28, घनता 7.1 च्या जरा वर, आणि पुस्तकात लोखंड 7.8. पुस्तकाप्रमाणे साडेपंचवीसच्या आसपास पाणी यायला हवं होतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लिहा रे 7.8 आणि पुढे चला. सर म्हणाले, परत करा. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा, वजनाला बुडबुडे चिकटलेत का बघा. परत केलं, परत तेवढंच. एकाने शंका काढली की वजनाच्या बुडाला शिसं भरलेलं असतं त्याने फरक पडला असेल, तर सर एवढे खूश झाले, म्हणाले शंका चांगली आहे पण शिसं 11.3 चं, त्याने आकडा वर जाईल, आपला तर खाली आलाय. मग तू सांग. आणि तास संपला.

पुढच्या तासाला सर स्वतः वागळे इस्टेटमधून साध्या स्टीलच्या रॉडचा तुकडा घेऊन आले. तो बरोबर 7.8 ला आला. तेव्हा त्यांनी सांगितलं की वजन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे, बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्रॅफाइट होऊन लोखंडात पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि ग्रॅफाइट हलकं, म्हणून घनता उतरते. जर्नलमध्ये आम्ही 7.1 च लिहिलं आणि सरांनी त्यावर सही केली.

आज मी महापेला एका प्लॅस्टिकच्या कंपनीत क्वालिटी बघतो. पाइपचा तुकडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात लटकवून तोलायचा, काटा डिजिटल आहे पण काम तेच. पीव्हीसीचा आकडा 1.4 च्या आसपास हवा, चुनखडीची भुकटी जास्त घातली की वर सरकतो, आणि असा आकडा आला की ज्युनियर मुलं आधी काट्याला दोष देतात. मी म्हणतो परत करा, बुडबुडे बघा, आणि तरी तोच आला तर तोच लिहा. हे माझं नाही, सरांचं आहे.

वागळे इस्टेटमधले कितीतरी लेथ आता गेले, तिथे काचेच्या इमारती आल्या. भाचा नववीत आहे, त्याला हे प्रॅक्टिकल स्क्रीनवर दाखवलं, दगड आपोआप पाण्यात पडला आणि उत्तर पुस्तकातलंच आलं. फार वाईट वाटलं. समितीला एवढीच विनंती की नव्या लॅबच्या यादीत मुलांच्या प्रत्येक गटाला एक तानकाटा, एक मोजपात्र आणि एक तोटीचं भांडं ठेवा, त्याचा खर्च आमची बॅच करेल, ग्रुपवर बोलणं झालंय.