इथे तर चालत होती!

फ्लॉपीच्या (कॉम्प्युटरच्या फाइली ठेवायची पातळ चुंबकीय चकती) जमान्यात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य हेच असणार. आमच्याकडे 1991 मध्ये सेकंडहँड एक्सटी, म्हणजे जुन्या धर्तीचा पीसी, आला, हार्ड डिस्क नाही, सव्वापाच इंची एकच ड्राइव्ह, म्हणजे डॉस (कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) पण फ्लॉपीवर आणि गेम पण फ्लॉपीवर, एकीत मावणार 360 केबी. समोरच्या बिल्डिंगमधल्या मित्राकडे एटी, एक्सटीच्या पुढचं मॉडेल, त्याचा ड्राइव्ह 1.2 एमबीचा. मी माझी फ्लॉपी घेऊन जायचो, तो गेम कॉपी करून द्यायचा, तिथे मस्त चालायचा, मग मी पळत घरी, फ्लॉपी आत, खटका खाली आणि घर्र… टक… टक… घर्र. स्क्रीनवर डॉसचा प्रश्न: ॲबॉर्ट, रिट्राय, फेल? मी रिट्रायच मारायचो, आणि दहातून एखाद्या वेळी चालायचं पण, म्हणून तर ती सवय लागली.

भानगड काय ते खूप नंतर कळलं. माझा ड्राइव्ह 40 ट्रॅकचा (ट्रॅक म्हणजे चकतीवरची गोल रेघ, माहिती तिच्यावर लिहिली जाते), त्याचा तेवढ्याच जागेत 80 चा, त्यामुळे त्याचं हेड, म्हणजे लिहिणारा-वाचणारा भाग, बारीक. पाटीवर जाड खडूने लिहिलेलं असताना मधूनच एका बोटाने पुसून बारीक खडूने लिहिलं तर कडेला जुनं उरतंच ना, तसं. माझं जाडं हेड जुनं-नवं सगळं एकदम वाचायचं आणि गोंधळायचं. उपाय म्हणजे कधीच न वापरलेली कोरी फ्लॉपी त्याच्याकडेच 360 मध्ये फॉरमॅट करायची.

पावसाळा तर वेगळाच. जुलैत फ्लॉपीच्या त्या लांबट खिडकीतून पांढरे ठिपके दिसायचे, बुरशी! आई म्हणायची पापडाच्या डब्यात ठेव. (ठेवल्या. वास आला, फ्लॉप्या वाचल्या.) साडेतीन इंची आल्या तेव्हा लॉकच (चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून असतं ते) उलटं झालं, मोठीला खाचेवर पट्टी चिकटवली की लॉक आणि छोटीला भोक उघडं ठेवलं की लॉक. कोणी ठरवलं देव जाणे.

तर मित्राने फॉरमॅट केलेली कोरी फ्लॉपी पण माझ्याकडे चालेना, तेव्हा बाबा ड्राइव्ह घेऊन मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. तिथला माणूस म्हणाला हेड सरकलंय, अलाइनमेंट करावी लागेल, आणि दोन दिवसांत करून पण दिली. घरी येऊन मित्राची फ्लॉपी घातली, झटक्यात चालली. आम्ही खूश. मग मी माझी घातली. घर्र… टक… टक… दुसरी घातली, तिसरी घातली, अख्खा डबा पालथा केला. हेड वाकडं असताना लिहिलेल्या सगळ्या फ्लॉप्या तेवढ्याच वाकड्या, आणि आता हेड सरळ!

पुढच्या शनिवारी बाबा परत तिथे, काउंटरवर ड्राइव्ह ठेवून अगदी हळू आवाजात, ‘भाऊ, एक दिवसासाठी होता तसा वाकडा करून मिळेल का?’